जर्मन पक्कड की देशी?
'पक्कड मेड इन जर्मनी असेल तरच घ्या' असं बरेच जण सांगतात, पण ते मत मला अर्धंच पटतं. एक तर फूटपाथवरच्या मालावरही 'जर्मनी' कोरलेलं सापडतं! दुसरं, नाशिक आणि गोव्यात हत्यारं बनवणारी आपली टपारिया कंपनी मुळात स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यातूनच उभी राहिली. घरकामाला टपारियाची पक्कड आरामात पुरते. दिवसभर तारा तोडायच्या असतील तर जर्मनीतल्या वुपरटालच्या क्निपेक्स कंपनीची पक्कड जरूर घ्या, तिथे पैसे चांगल्या पोलादाचे आणि त्याला नीट पाणी दिल्याचे, म्हणजे तापवून-विझवून कडक केल्याचे. दुकानात पक्कड मिटून उजेडासमोर धरा. धारेतून प्रकाश दिसला की परत ठेवा. दोन्ही पाती जोडणारा रिव्हेटही ढिला नको. विजेच्या कामाला मात्र, देश कुठलाही असो, आयईसी ६०९०० (विजेच्या कामाच्या हत्यारांचं आंतरराष्ट्रीय मानक) आणि १००० व्होल्टची खूण बघूनच घ्या. नुसत्या रंगीत प्लॅस्टिकच्या मुठीवर विसंबू नका.