ईईजी भंगारात काढायची का?

व्हॉक्सेलवाला: दृष्टीवर काम करायचं तर एफएमआरआयच, मेंदूतल्या रक्तप्रवाहातले बदल टिपणारा स्कॅन. ईईजी म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूची वीज मोजणं, कवटीबाहेर बसून अंदाजपंचे दाहोदरसे. नव्या मुलांनी त्यात वर्षं घालवू नयेत.

पी-शंभर: हेच काल ऐकून दुर्लक्ष केलं, आज राहवत नाही. चेकरबोर्डचे काळे-पांढरे चौकोन उलटले की साधारण 100 मिलिसेकंदांत डोक्याच्या मागच्या बाजूला ईईजीत पी100 हा विजेचा प्रतिसाद उमटतो. तुमचा एफएमआरआयचा बोल्ड सिग्नल शिखरावर पोचतो 5-6 सेकंदांनी, आणि तोही रक्तातल्या ऑक्सिजनचा. तोवर माणूस चेहरा ओळखून दुसरीकडे बघायला लागलेला असतो! ऑप्टिक न्यूरायटिसमध्ये (डोळ्याच्या नसेला सूज) पी100 उशिरा येतो, नजर सुधारली तरी तो उशीर बऱ्याचदा राहतो. हे स्कॅनरमध्ये दाखवा.

व्हॉक्सेलवाला: कधी ते कळलं. कुठे? बाहेरच्या मोजमापावरून आतला स्रोत एकमेव ठरत नाही, हे हेल्महोल्ट्झनं 1853 मध्येच सांगून ठेवलंय. आम्ही व्ही1-व्ही2 या मेंदूतल्या दृष्टीच्या भागांची हद्द माणसागणिक आखतो.

गळ: हद्दी आखणाऱ्यांनो, 2009चा मेलेला सामन मासा आठवतो का? त्याला स्कॅनरमध्ये माणसांचे फोटो दाखवले आणि मेंदूत चक्क 'प्रतिसाद' सापडला.

व्हॉक्सेलवाला: आला मासा! मल्टिपल कम्पॅरिझनचं करेक्शन केल्यावर, म्हणजे एकदम हजारो चाचण्या केल्यानं योगायोगानं निघणारे निकाल गाळल्यावर, तो प्रतिसाद गायब झाला, मुद्दाच तो होता. मशीनचा काय दोष?

गळ: आणि एफएमआरआयच्या आकडेमोडीवरचा 2016चा अभ्यास? क्लस्टर करेक्शन, म्हणजे शेजारशेजारच्या ठिपक्यांचे गट धरून केलेली गाळणी, लावूनही 5 टक्क्यांऐवजी काही ठिकाणी 70 टक्क्यांपर्यंत खोटे पॉझिटिव्ह. तेही माशाचंच कारस्थान?

व्हॉक्सेलवाला: 70 हा सगळ्यात वाईट सेटिंगचा आकडा, तोच बरा पाठ असतो. व्हॉक्सेल (स्कॅनमधला एकेक छोटा ठोकळा) पातळीचं करेक्शन त्यातही टिकलं. ईईजीवाले आधी आलेख बघतात, उंचवटा दिसला की तिथेच वेळेची खिडकी लावतात, त्याच खिडकीवर फरक खरा का ते ठरवणारी टी-टेस्ट! त्यावर कुणी सामन आणत नाही.

पी-शंभर: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी खिडकी डेटा घेण्याआधी ठरवते.

हेलियम: भांडता कशाला, एमईजी घ्या, मेंदूचं चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र. वेळही, जागाही.

व्हॉक्सेलवाला: ते थंड ठेवायच्या द्रव हेलियमचं बिल तू भर. शिवाय त्रिज्येच्या दिशेचे, म्हणजे कवटीला काटकोनात असलेले, स्रोत त्याला जवळपास दिसतच नाहीत.

जेलग्रस्त: 64 इलेक्ट्रोडांची कॅप कधी धुतलीय का कुणी? सुकलेलं जेल नखानं खरवडून काढावं लागतं. आमच्या जुन्या लॅबमध्ये दाट कुरळ्या केसांचे सब्जेक्ट परस्पर कटवायचे, इम्पीडन्स (इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला विजेचा अडथळा) खाली येत नाही म्हणून. पेपरात त्याची एक ओळ नाही. याबद्दल बोला.

व्हॉक्सेलवाला: बरं बाई, मिलिसेकंद तुमचे. पण स्कॅनरला केसांचं वावडं नाही.

पी-शंभर: उपकार झाले. आणि स्कॅनरच्या बोगद्यात शिरताच घाबरून बेल दाबणारे? त्यांची ओळ कुठल्या पेपरात असते?