लढाई एप्रिल १७७५ ला, स्वातंत्र्य जुलै १७७६ ला: मधले महिने कशात गेले?

खानापूरचा_भित्तिपत्रकवाला
नववीच्या भित्तिपत्रकात अमेरिकेवर एक पान करायचं आहे. लेक्सिंग्टन-कॉन्कर्डला गोळ्या सुटल्या १९ एप्रिल १७७५ ला, जाहीरनामा मात्र ४ जुलै १७७६ चा. चौदा-पंधरा महिने लढत होते आणि कशासाठी ते ठरलंच नव्हतं? क्रमानं सांगा की. शिवाय एका पुस्तकात २ जुलै आहे, दुसऱ्यात ४. खरं कुठलं?

निपाणी_इतिहास
ठरलं होतं, पण वेगळंच. भांडण ब्रिटिश पार्लमेंटशी आणि मंत्र्यांशी, राजा मात्र आपलाच, ही अमेरिकेतल्या तेरा ब्रिटिश वसाहतींची भूमिका. आपल्याला हे नवं नाही. दिल्लीची सूत्रं मराठ्यांच्या हाती आणि नाण्यांवर नाव शाह आलमचं, तो काळही जवळपास हाच.

म्हणून १७७५ चा उन्हाळा विचित्र दिसतो. १५ जूनला वॉशिंग्टन सेनापती. १७ जूनला बंकर हिल, तिथं टेकडी ब्रिटिशांनी घेतली पण हजाराहून जास्त माणसं मेली-जखमी झाली. ६ जुलैला शस्त्र का उचललं याचं निवेदन, त्यातही ‘आम्हाला फुटून निघायचं नाही’ हेच. ८ जुलैला डिकिन्सनच्या पुढाकारानं लिहिलेल्या समेटाच्या अर्जावर सह्या. राजानं तो स्वीकारलाच नाही, उलट २३ ऑगस्टला वसाहती बंडखोर ठरवल्या.

खरा घाव बसला डिसेंबरच्या कायद्यानं. वसाहतींचा व्यापार बंद आणि त्यांची जहाजं शत्रूची समजून जप्त. राजाच्या संरक्षणाबाहेर टाकल्यावर निष्ठा कुणाशी ठेवायची? त्यात जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेनची पुस्तिका आली. तिनं मंत्र्यांना सोडून थेट राजेशाहीवरच बोट ठेवलं. मे महिन्यात जर्मन भाडोत्री सैन्य येत असल्याची बातमी पक्की झाली.

चिकोडी_मास्तर
वरचं बरोबर, पण उशिराचं निम्मं कारण कामकाजाच्या पद्धतीत आहे. काँग्रेसमध्ये, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या एकत्र सभेत, प्रत्येक वसाहतीला एकच मत, आणि प्रतिनिधी घरच्या सभेच्या सूचनांना बांधलेले. काहींना तर फुटण्याच्या ठरावाला विरोध करा, अशीच लेखी ताकीद होती. आधी त्या सूचना बदलायला हव्या होत्या. नॉर्थ कॅरोलिनानं १२ एप्रिलला मोकळीक दिली. व्हर्जिनियानं १५ मे रोजी पुढचं पाऊल टाकलं: तुम्हीच प्रस्ताव मांडा.

त्यानुसार ७ जूनला रिचर्ड हेन्री ली यांचा ठराव आला. त्यात तीन गोष्टी: स्वातंत्र्य, परदेशांशी युती, आपसातला संघ. मधल्या वसाहती तयार नव्हत्या, म्हणून मत १ जुलैपर्यंत ढकललं. वेळ वाया जाऊ नये म्हणून ११ जूनला पाच जणांची मसुदा समिती नेमली: जेफरसन, अ‍ॅडम्स, फ्रँकलिन, शर्मन, लिव्हिंग्स्टन.

१ जुलैच्या चाचणी मतदानात ९ बाजूनं, पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलिना विरोधात, डेलावेअर एकास एक, न्यूयॉर्क सूचना नाहीत म्हणून गप्प. रातोरात गणित फिरलं. डेलावेअरचा तिसरा प्रतिनिधी सीझर रॉडनी घरून येऊन पोचला. पेनसिल्व्हेनियाचे डिकिन्सन आणि रॉबर्ट मॉरिस मतदानापासून बाजूला राहिले, तिथं ४–३ विरोध होता तो ३–२ पाठिंबा झाला. साउथ कॅरोलिनाही वळली. २ जुलैला १२–०.

तेव्हा तुमच्या दोन्ही पुस्तकांचं बरोबर आहे. ग्रामपंचायतीत ठराव मंजूर होतो एका दिवशी आणि नोटीस बोर्डावर लागते नंतर, तसंच. २ तारखेला ठराव, ४ ला त्याच्या जाहीरनाम्याचा मजकूर. मधल्या दोन दिवसांत बरीच काटछाट झाली. जेफरसननं राजावर ठेवलेला गुलामांच्या व्यापाराचा ठपका साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाला नको होता, तो परिच्छेद पूर्ण गेला.

खानापूरचा_भित्तिपत्रकवाला
मग ‘तेरा वसाहतींचा एकमतानं’ असं लिहितात ते कसं? आणि सह्यांचं ते प्रसिद्ध चित्र लावू का?

चिकोडी_मास्तर
न्यूयॉर्कची संमती ९ जुलैला आली. १९ जुलैला मजकूर चर्मपत्रावर लिहून काढायचा हुकूम झाला, ‘एकमतानं’ हा शब्द शीर्षकात तेव्हाचा. बहुतेक सह्या २ ऑगस्टच्या, काही त्याही नंतरच्या, एकूण ५६.

ट्रम्बुलचं चित्र म्हणत असाल तर खुशाल लावा, फक्त खाली ‘सह्या करताना’ लिहू नका. त्यात समिती मसुदा सादर करते आहे.

निपाणी_इतिहास
पानावर जागा उरली तर लीच्या ठरावातल्या युतीच्या मुद्द्याला द्या सर. ब्रिटनच्या घरगुती भांडणात फ्रान्स उघडपणे उतरणार नव्हता. वेगळं राष्ट्र म्हटल्याशिवाय तह कुणाशी करणार? तो तहही लगेच नाही, फेब्रुवारी १७७८ मध्ये झाला, साराटोगाच्या लढाईतला अमेरिकनांचा विजय बघून.