गणपतीच्या देखाव्यात भूक आणि बेघरपणा कसा मांडावा?

परळकर:
आमच्या मंडळाने यंदा देखाव्याला भूक आणि बेघरपणा हा विषय घेतलाय. टाटा रुग्णालय जवळच. उपचारासाठी गावाहून आलेली माणसं फुटपाथवर प्लास्टिक अंथरून राहतात, हे आम्ही लहानपणापासून बघतोय. पोरं म्हणतात, खऱ्या लोकांचे मोठे फोटो लावू, बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. मला ते पटत नाही, पण दुसरं सुचतही नाही. कुणी असं काम केलंय का?

चाफा:
मी बेघरांच्या निवाऱ्यात काम करते. फोटो अजिबात नकोत. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका घरचा मार खाऊन निघालेल्या असतात. चेहरा फ्लेक्सवर गेला की ठावठिकाणा लागतो. शिवाय लोक डोळे पुसून पुढच्या मंडळाकडे जातात.

माणूस रस्त्यावर का येतो ते दाखवा. आमच्याकडचे बहुतेक जण कामकरी आहेत: नाक्यावर उभे राहणारे, कचरा वेचणारे, कॅटरिंगमध्ये ताटं घासणारे. लग्नसराई संपली की ताटं घासणाऱ्याची मजुरी जाते आणि जेवणही, कारण तो तिथेच जेवत असतो. पावसात तीन दगडांची चूल पेटत नाही, मग एका वडापाववर दिवस काढायचा. आमच्या एक आजी आधार आणि रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी बांधून झोपतात. फुटपाथ मोकळा करायला गाडी आली की गाठोडं उचललं जातं, त्यात कागद गेले की धान्यही गेलं. ती पिशवी ठेवा देखाव्यात.

आणि एक फलक लावाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलंय, मोठ्या शहरांत दर १ लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक निवारा हवा. शहराची लोकसंख्या लिहा, शेजारी चालू निवारे किती ते लिहा, खाली त्यांचे पत्ते. भागाकार लोक करतील.

भाकरतुकडा:
आकडे जपून लावा. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर नोंदले गेले, पण ती मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीची. रात्रपाळीचा हमाल त्यात कुठून सापडणार?
मंडळातले ज्येष्ठ कुरकुरले तर गाडगेबाबांची दशसूत्री पुढे ठेवा, भुकेलेल्यांना अन्न आणि बेघरांना आसरा दोन्ही तिच्यात आहेत. दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना ठेवून घेते, तिथेही जाऊन या.

परळकर:
फोटो रद्द, पिशवीचं बैठकीत मांडतो. चाफाताई, रात्री रस्त्यावर कुणी दिसलं तर निवाऱ्यात कसं पोहोचवायचं, हेही फलकावर घेऊ का?

चाफा:
जरूर घ्या. आधी त्या माणसालाच विचारा, यायचंय का. ओढून आणू नका. कुटुंब असेल तर फोन करून जागेची खात्री करा. पुरुषांच्या निवाऱ्यात नेलंत तर बायको-पोरं दारातूनच परत फिरतात, आणि मग तोही थांबत नाही.