तुमचा आधीचा लॅपटॉप कशाने गेला? (अनुभव धागा)

नवा लॅपटॉप घ्यायचाय. काम असं: पुस्तकांची मांडणी, मुखपृष्ठं, अधूनमधून पाच-दहा मिनिटांचा एखादा व्हिडिओ, आणि बाकी सगळ्यांचं असतं तेच. मेल, हिशेब, पंचवीस-तीस उघडे टॅब. आठ वर्षं तरी टिकावा अशी इच्छा आहे. 'कोणता घेऊ?' असं विचारलं की जो तो आपल्याकडे आहे तोच सांगतो (मीही तेच करते), म्हणून प्रश्न उलटा टाकते. तुमचा आधीचा कशाने गेला? की गेला नाही, नुसता नकोसा झाला?

सुरुवात माझ्यापासून. २०१७ मध्ये घेतलेला, इंटेलच्या सातव्या पिढीचा आय५. मध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली आणि रॅम ८ जीबीची १६ केली. नवा चष्मा लावल्यावर वाटतं तसं वाटलं. अजूनही चालतो. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची साधारण आठवी पिढी लागते, म्हणजे मी एका पिढीने हुकले. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यंत्र धडधाकट आणि तरी निवृत्त! मागच्या पिढीचा प्रोसेसर कमी पैशांत मिळतो, तेव्हा त्याची पुढची वर्षंही कमी झालेली असतात, हे घेताना डोक्यात आलंच नव्हतं.

*

माझा रॅमने गेला. पातळ, देखणा, ८ जीबी. 'लागली तर नंतर वाढवू' म्हणत घेतला. दोन वर्षांनी खालचं झाकण उघडलं तर वाढवायला जागाच नाही, सगळी बोर्डावर सोल्डर केलेली.

मी चित्रं ए३ आकारात, ३०० डीपीआयला करते. एक पूर्ण लेअर (चित्राचा एक थर) म्हणजे पावणेदोन कोटी पिक्सेल, पिक्सेलला ४ बाइट, झाले ७० एमबी. पन्नास लेअरचे साडेतीन जीबी. रंगांच्या बारकाव्यासाठी १६ बिटमध्ये काम केलं तर दुप्पट. त्यावर अन्डूचा साठा, ब्राउझर, गाणी. रॅम संपली की लॅपटॉप एसएसडीकडून उसनवारी करतो आणि ब्रशची रेघ हाताच्या मागून धावत येते. चित्रकाराला यापेक्षा चीड आणणारं दुसरं काही नसेल. शेवटी शेवटी मी लेअर वाचवण्यासाठी चित्रं वेगळी काढायला लागले होते, तेव्हा म्हटलं बास.

माहितीपत्रकात 'एलपीडीडीआर' (कमी वीज खाणारी रॅम) दिसलं की समजायचं, बहुतेक सोल्डरचीच आहे. (एलपीकॅम२ नावाचा काढता येणारा प्रकार आलाय, पण मोजक्या यंत्रांत.) अशा यंत्रात पहिल्या दिवशी घ्याल तीच शेवटच्या दिवसाची रॅम. आता ३२ जीबीचा घेतला आहे आणि प्रोसेसर मुद्दाम एक पायरी खालचा.

*

वरच्याला पुरवणी. रॅमच्या जागा दोन असतील तर त्यात एकच १६ ची पट्टी आहे की ८-८ च्या दोन, हे विचारा. माझ्याकडे एकच होती. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं, आणि एका पट्टीवर त्याची वाट अर्धी होते. दुसरी टाकल्यावर फरक डोळ्यांना दिसला. आणि पट्टी आणताना डीडीआर४ की डीडीआर५ ते बघून आणा, खाच वेगळ्या जागी असते. मी एकदा परत करून आलोय.

*

व्हिडिओ एडिटिंग करतो. माझा गेला नाही, मी त्याच्याशी भांडून थकलो.

ग्राफिक्स कार्डाचं नाव बघून घेतला होता. नंतर कळलं की लॅपटॉपमध्ये नुसत्या नावाला फारसा अर्थ नाही. उदाहरणार्थ आरटीएक्स ३०६० हे कार्ड लॅपटॉप बनवणारा ६० वॉटवर बसवू शकतो, ११५ वॉटवरही बसवू शकतो. स्टिकर तोच, जोर वेगळा. पातळ यंत्रात उष्णता बाहेर टाकायला जागा नसते, म्हणून तिथे कमी वॉट. माझं यंत्र पहिली पाच मिनिटं जोरात धावायचं, मग गरम होऊन स्वतःच हात आखडता घ्यायचं. आणि एक्सपोर्ट काही पाच मिनिटांत संपत नसतो. पंख्याच्या आवाजात मला आवाजाचं मिक्सिंग करावं लागे, याहून मोठा विनोद नाही.

खरी गंमत पुढे. नवा कॅमेरा आला, तो एच.२६५ मध्ये १० बिट ४:२:२ (दाबून साठवलेला, पण रंगांचा जास्त तपशील असलेला प्रकार) रेकॉर्ड करायचा. टाइमलाइन अडखळायला लागली. कार्ड एवढं मोठं, मग अडतंय कुठे? तर हा प्रकार परस्पर उलगडायची सोय ना माझ्या कार्डात होती ना प्रोसेसरमध्ये, सगळं ओझं प्रोसेसरच्या कोअरवर पडत होतं. मित्राकडे वेगळं कार्ड नसलेला, इंटेलच्या अकराव्या पिढीचा साधा लॅपटॉप होता. त्याच्या आतल्या ग्राफिक्समध्ये ही सोय आहे, तो तीच फाइल लोण्यासारखी चालवत होता! त्या दिवशी मी प्रॉक्सी शिकलो. म्हणजे मूळ फाइलींच्या हलक्या नकला करून त्यांवर कापाकापी करायची आणि शेवटी मूळ फाइली जोडायच्या. त्यानंतर तेच यंत्र आणखी तीन वर्षं चाललं. व्हिडिओवाल्यांनी आधी आपला कॅमेरा कोणत्या स्वरूपात फाइल देतो ते पाहावं, मग कार्ड.

*

मी उलटी चूक केली. काम भाषांतराचं, वर थोडे फोटो. 'टिकायला हवा' म्हणून गेमिंगचा दणकट लॅपटॉप घेतला. अडीच किलोच्या वर, चार्जरचा ठोकळा वेगळा, बॅटरी तीन तासांत गार. वर्षभरात तो टेबलावरून हलेनासा झाला. ग्राफिक्स कार्ड पाच वर्षांत मी कधी जागं केलं असेन असं वाटत नाही. आता हलका आहे, यूएसबी-सीने चार्ज होतो, फोन आणि लॅपटॉप एकाच चार्जरवर. रोजच्या कामाला कीबोर्ड चांगला हवा, हे कुणी सांगतच नाही. मी दिवसाला काही हजार शब्द टाइप करते, प्रोसेसर मला कधी आडवा आला नाही, अडकणारी स्पेस-की आली.

*

स्क्रीन! स्क्रीन कुणी बोललं नाही अजून? रॅम वाढते, एसएसडी बदलते, स्क्रीन आहे ती आहे.

फोटो करतो. माहितीपत्रकात '४५% एनटीएससी' (रंगांचं जुनं टीव्हीचं माप) लिहिलं होतं, मला वाटलं काहीतरी चांगलंच असेल. त्याचा अर्थ एसआरजीबीतल्या (स्क्रीनच्या नेहमीच्या रंगसंचातल्या) रंगांचे जेमतेम दोन तृतीयांश. फिकट लाल दिसतोय म्हणून मी तो वाढवत राहिलो, आणि छापून आलेल्या फोटोंत सगळ्यांचे चेहरे उन्हातून धावत आल्यासारखे. शेवटी बाहेरचा मॉनिटर घेतला. निदान १००% एसआरजीबी आणि ३०० निट (उजेडाचं माप) तरी मागा, २५० निटची स्क्रीन खिडकीपाशी आरसा होते.

ओएलईडी (प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो अशी स्क्रीन) रंगांना झकास. पण आठ वर्षांचा हिशेब करताय तर लक्षात घ्या, एकाच जागी तासन्‌तास असलेला टूलबार किंवा टास्कबार हळूहळू तिथे ठसा सोडू शकतो. शिवाय बऱ्याच ओएलईडी स्क्रीन मंद उजेडावर भराभर उघडझाप करतात. माझं डोकं दुखतं, बायकोचं अजिबात नाही. तासभर बसून बघा, मग ठरवा.

*

बिजागरी. बाकी सगळं ठीक होतं. प्लॅस्टिकमध्ये बसवलेले पितळी स्क्रूचे आटे निघाले आणि झाकणाचा कोपरा उचकटला. तेव्हापासून घेताना एका हाताने कोपऱ्याला धरून झाकण उघडून बघते. दुकानदार वैतागतो.

*

घरातल्यांचे लॅपटॉप दुरुस्त करायचं काम कायम माझ्याकडे. पाहिलेल्यांतले बरेच बॅटरीने आणि धुळीने आजारी होते. बॅटरी शंभर टक्क्यांवर, वर सतत प्लग लावलेला, खाली गादी. फुगते. टचपॅड क्लिक होईनासा झाला तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी खाली बॅटरीने डोकं वर काढलंय का बघा, आणि तशी बॅटरी दाबू-टोचू नका. टेबलावरच असतो त्याला ८० टक्क्यांची मर्यादा घालून ठेवा, बहुतेक नव्या यंत्रांत सोय असते. ॲपल मॅकबुकच्या बॅटरीला १००० सायकलचा (पूर्ण भरून पूर्ण वापरण्याच्या फेऱ्यांचा) आकडा देते, बाकी बऱ्याच यंत्रांत ३०० ते ५०० नंतर उतार लागतो. म्हणून घेतानाच बघावं, बॅटरी स्क्रूने बसवली आहे की गोंदाने.

*

आठ वर्षांचा हट्ट मला पटत नाही. मधल्या दर्जाचा घ्यावा, चार वर्षांनी काढावा. २०२४ मध्ये एकदम '४० टॉप्सचा एनपीयू हवा' (एनपीयू म्हणजे प्रोसेसरमधला एआयच्या कामांचा भाग, टॉप्स हे त्याच्या वेगाचं माप) सुरू झालं, आदल्या वर्षी ते नाव तरी कुणी ऐकलं होतं का?

*

काढा काढा, तुमचे चार वर्षांनी काढलेले घेणारे आम्हीच! ऑफिसांसाठी बनवलेल्या मालिकांतले लेनोव्होचे जुने थिंकपॅड आणि डेलचे लॅटिट्यूड वापरतो. बिजागऱ्या धातूच्या, सुटे भाग मिळतात, उघडायची पुस्तिका कंपनीच्या साइटवर. माझा तिसरा चालू आहे. स्क्रीन मात्र बहुतेकांची रटाळ.

*

धागा काढणारीच पुन्हा. ठरलं. रॅम ३२ जीबी, दोन जागांत. एसएसडी एक टीबी आणि दुसरीसाठी रिकामा एम.२ स्लॉट, १६:१० ची आयपीएस (एलसीडी प्रकारातली) स्क्रीन, १००% एसआरजीबी, वेगळं कार्ड नाही, माझ्या दहा मिनिटांच्या व्हिडिओला प्रॉक्सी पुरेल. प्रोसेसर चालू पिढीचा पण मधला, एनपीयू त्याच्यासोबत जो येईल तो. ओएलईडीचा मोह दोन दिवस होता, मग इनडिझाइनचा (माझं मांडणीचं सॉफ्टवेअर) तो न हलणारा उजवीकडचा पॅनेल आठवला.

जुन्यावर लिनक्स घातलंय. मांडणीच्या कामाला नाही चालणार, पण पीडीएफ तपासायला बाजूला उघडा असतो. झाकण लावताना आता बिजागरीकडे कान देते. थोडी करकरते.