मदत हवी आहे: जजमेंटच्या पीडीएफ हायलाइट करून भरल्या, पण रिव्हिजनला हाती काही लागत नाही

नमस्कार मंडळी,

मी जालन्याची, तीन वर्षांच्या एलएलबीला दुसऱ्या वर्षात आहे. सकाळी कॉलेज, दिवसभर नोकरी आणि वाचन जे काय होतं ते रात्री लॅपटॉपवर नाहीतर बसमध्ये टॅबवर. पुस्तकं घेऊन फिरणं शक्य नाही म्हणून सगळा अभ्यास पीडीएफवर आणलाय. सरांनी ग्रुपवर टाकलेली जजमेंट्स, ई-एससीआर या सुप्रीम कोर्टाच्या निकालांच्या साइटवरून उतरवलेली, बेअर अॅक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर), सिनियर्सच्या नोट्सचे फोटो असं सगळं मिळून फोल्डर गच्च भरलंय. लॅपटॉपवर एज ब्राउझरमध्ये उघडते आणि टॅबवर दुसऱ्या अॅपमध्ये, त्यामुळे इकडच्या खुणा तिकडे दिसत नाहीत आणि कुठलं वाक्य कुठे अधोरेखित केलं होतं ते शोधण्यातच रात्र जाते.

उदाहरण देते म्हणजे नीट कळेल. एव्हिडन्स म्हणजे पुराव्याच्या कायद्याला खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, १४ जुलै २०२० चा, तीन न्यायमूर्तींचा. आमच्या जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून सुरू झालेलं प्रकरण आहे हे, त्यामुळे मी फार मन लावून वाचलं. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दिला की नंतर हा वाद, ते दाखवायला निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग आणि त्या रेकॉर्डिंगला एव्हिडन्स अॅक्टच्या कलम ६५ब(४) चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत लागणारं, सर्टिफिकेट नाही. आता या निकालात अन्वर पी.व्ही. २०१४ या आधीच्या निकालातले उतारेच्या उतारे आहेत, शफी मोहम्मद २०१८ या निकालातले आहेत, दोन्ही बाजूंच्या वकिलांचं म्हणणं आहे आणि मग कोर्टाचं स्वतःचं. वाचताना सगळंच महत्त्वाचं वाटतं, सगळंच पिवळं होतं. महिन्याने उघडलं की यातलं आज चालणारं कायद्याचं म्हणणं कुठलं आणि कोर्टाने मोडीत काढलेलं कुठलं हे पिवळ्या पट्ट्यांवरून कळतच नाही, म्हणजे परत पहिल्यापासून वाचणं आलं.

त्यात १ जुलै २०२४ पासून नवे तीन कायदे: आयपीसीच्या (गुन्हे आणि शिक्षा) जागी बीएनएस, सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया) जागी बीएनएसएस आणि एव्हिडन्स अॅक्टच्या जागी बीएसए. सगळी जुनी जजमेंट्स आयपीसी, सीआरपीसी, एव्हिडन्स अॅक्टच्या कलमांवर आणि पेपरमध्ये कलम लिहायचं नवीन. दोन्ही आकडे एकाच ठिकाणी कसे ठेवता? आणि मराठी पीडीएफवर तर हायलाइट होतच नाही, झालं तर कॉपी केल्यावर भलतीच अक्षरं येतात.

महागडं काही नको, आयपॅड नाही, साधा अँड्रॉइड टॅब आणि ऑफिसचा जुना लॅपटॉप एवढंच आहे. कोण काय वापरतं यापेक्षा ते कसं वापरता, रंग कशाला कुठला, बाजूला काय लिहिता, परीक्षेआधी त्याचं काय करता, हे कुणी सविस्तर सांगेल का? परीक्षा हातानेच लिहायची आहे, तेव्हा शेवटी सगळं डोक्यात राहायला हवं.

---

काळाकोट:

ताई, मी सेशन कोर्टात प्रॅक्टिस करतो, शिकत असताना आणि आताही पीडीएफवरच वाचतो. रंग "किती महत्त्वाचं" यासाठी वापरू नका, "कोण बोलतंय" यासाठी वापरा. निकालपत्रात चार-पाच आवाज असतात आणि आपण गडबडतो ते तिथेच. माझं असं आहे: फॅक्ट्सना पिवळा, वकिलांच्या आर्ग्युमेंटला निळा, जुन्या निकालातून उचललेल्या उताऱ्याला जांभळा, कोर्टासमोरचा प्रश्न लाल आणि कोर्टाचं स्वतःचं उत्तर हिरवं. हिरवा हात आखडता घेऊन वापरायचा, पन्नास पानांत हिरवं पानभरसुद्धा होता कामा नये.

तुमचंच खोतकर घ्या. अन्वरचे उतारे जांभळे, आणि बाजूला एवढंच लिहा की "हे कोर्टाने कायम केलं". शफी मोहम्मदचे पण जांभळे, बाजूला "ओव्हररूल", म्हणजे कोर्टाने मोडीत काढलेलं. टोमासो ब्रुनो २०१५ या निकालाबद्दल जे म्हटलंय तिथेही तेच. मग हिरवं काय उरतं? मूळ लॅपटॉप किंवा फोनच मालकाने साक्षीला उभं राहून हजर केला तर सर्टिफिकेट लागत नाही, पण त्यातून काढलेली प्रत दाखल करायची तर सर्टिफिकेट सक्तीचं, तोंडी साक्षीने ते भरून निघत नाही. आणि समोरची व्यक्ती किंवा ऑफिस सर्टिफिकेट देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून मागवता येतं. संपला निकाल. जालन्याच्या प्रकरणात हात जोडून मागूनही सर्टिफिकेट मिळालं नव्हतं म्हणून ते मागणाऱ्या पक्षाला सूट मिळाली आणि खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं, हे फॅक्ट्स आणि रेशोला (निकालामागचं बंधनकारक कायदेशीर तत्त्व) जोडणारं वाक्य आहे, ते स्वतःच्या शब्दांत मार्जिनमध्ये लिहा, मराठीत लिहिलं तरी चालेल, उलट मराठीतच लिहा कारण इंग्रजी वाक्य नुसतं उतरवता येतं, मराठीत आणायचं तर आधी समजावं लागतं.

अजून एक, ई-एससीआरच्या प्रतीत वर हेडनोट म्हणजे निकालाचा सारांश असतो, तो संपादकाने केलेला असतो, निकालाचा भाग नाही. वाचायला उत्तम पण खुणा तिथे करू नका, खाली मूळ परिच्छेदात करा. आणि पान नंबर नाही, परिच्छेद नंबर लिहा. एससीसी, एआयआर ही निकाल छापणारी नियतकालिकं, वेबसाइटची पीडीएफ, प्रत्येकाचं पान वेगळं असतं. परिच्छेदही क्वचित एखाद-दोनने सरकतात, म्हणून कुठली प्रत ते पहिल्या पानावर नोंदवून ठेवा.

---

सातारकर:

वरच्या सरांची पद्धत झोटेरो या संदर्भ सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये जशीच्या तशी बसते. फुकट आहे, लॅपटॉपवर चालतं आणि अँड्रॉइडचंही अॅप आलंय, म्हणजे बसमध्ये केलेली खूण रात्री लॅपटॉपवर दिसेल. प्रत्येक जजमेंटसाठी एक नोंद करायची, "केस" हा प्रकार निवडायचा, त्यात नाव, कोर्ट, तारीख, सायटेशन (निकालाचा छापील संदर्भ) भरायचं आणि पीडीएफ त्याला जोडायची. आतच रीडर आहे, हायलाइटचे रंग आहेत, प्रत्येक हायलाइटला कमेंट आणि टॅग देता येतो, बाजूच्या पट्टीत फक्त हिरव्या खुणा दाखव असं सांगता येतं.

खरी गंमत पुढे आहे. पीडीएफमधल्या सगळ्या खुणा गोळा करून एका क्लिकवर नोट बनते, आणि नोटमधल्या प्रत्येक वाक्यावर क्लिक केलं की त्या मूळ पानावर जाता येतं. तुमचा "कुठे होतं ते शोधण्यात रात्र जाते" हा प्रश्न इथेच सुटतो.

दोन गोष्टी आधीच सांगतो. फाइल सिंकला फुकटात ३०० एमबी मिळतात, स्कॅन केलेल्या जाड पीडीएफने ते पटकन भरतात, तेव्हा जड पुस्तकं लॅपटॉपवरच ठेवा आणि जजमेंट्स तेवढी सिंक करा. दुसरं, खुणा झोटेरोच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतात, पीडीएफ फाइलमध्ये नसतात. मैत्रिणीला फाइल पाठवायची असेल तर खुणांसकट एक्स्पोर्ट करून पाठवा, नाहीतर तिला कोरी दिसेल. एजमध्ये आधी केलेल्या खुणा सेव्ह केल्या असतील तर त्या पीडीएफमध्येच असतात, झोटेरोत इम्पोर्ट करता येतात, नव्याने करायला नकोत.

ग्रुपने अभ्यास करत असाल तर ग्रुप लायब्ररी करा. आम्ही केशवानंद भारती, म्हणजे राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीवरचा (बेसिक स्ट्रक्चर) निकाल, तसंच वाचलं. तेरा न्यायमूर्ती, अकरा वेगवेगळी मतं, ७ विरुद्ध ६, एकट्याने बसून संपणारं नाही ते. एकेकाने दोन-दोन मतं घेतली, रंग सगळ्यांचे सारखे ठरवले, आणि शेवटी बेसिक स्ट्रक्चरवर कोण काय म्हणालं ते टॅगवरून एका जागी आलं.

---

जेएमएफसी_तयारी:

नव्या-जुन्या कलमांचं मी सांगते कारण यात मी खूप वेळ घातलाय. टॅगमध्ये नुसता आकडा कधीच टाकू नका, कायद्याचं नाव हवंच. सीआरपीसी ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार आणि बीएनएसएस ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. आयपीसी ३०२ खून, तर बीएनएस ३०२ धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारणं. नुसतं "३०२" शोधलंत तर दोन्हीची सरमिसळ होणार. मी एका खुणेला दोन टॅग देते, "सीआरपीसी १५४" आणि "बीएनएसएस १७३", म्हणजे एफआयआर नोंदवण्यावरचा ललिता कुमारी निकाल कुठूनही शोधलं तरी सापडतो. तुमच्या खोतकरला "एव्हिडन्स ६५ब" आणि "बीएसए ६३". आकडे एक तर सगळे मराठी नाहीतर सगळे इंग्रजी ठेवा, मिसळले तर सर्चला सापडत नाहीत.

आणि जुनी कलमं आता सोडून द्यावी असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १ जुलै २०२४ च्या आधीचे गुन्हे आयपीसीनेच चालणार, ज्या खटल्यांचं कामकाज त्या दिवशी चालू होतं तिथे पुरावाही जुन्या कायद्याने, त्यामुळे पुढची कितीतरी वर्षं दोन्ही लागणार आहे. बीएसए ६३ ला सर्टिफिकेटचा नमुना परिशिष्टात दिलाय, भाग अ आणि भाग ब, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) भरायची असते. खोतकर वाचताना ते परिशिष्ट शेजारी उघडून ठेवा, हिरव्या खुणेच्या कमेंटमध्ये "आता परिशिष्ट बघ" असं लिहून ठेवा, पेपरमध्ये हा एक मुद्दा जास्तीचा जातो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हायलाइट करणं म्हणजे अभ्यास नाही. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन तपासलं होतं, त्यात अधोरेखन कमी उपयोगाच्या गटात आणि स्वतःची परीक्षा घेणं, अंतर ठेवून उजळणी करणं हे सर्वात उपयोगाच्या गटात होतं. म्हणून मी कमेंटमध्ये सारांश लिहित नाही, प्रश्न लिहिते. हिरव्या वाक्याशेजारी "मूळ फोन हजर केला तर सर्टिफिकेट लागतं का? का?" एवढंच. मग चार-पाच दिवसांनी फक्त प्रश्न बघून वहीत पेनने उत्तर लिहायचं आणि त्यानंतरच खुणेवर क्लिक करून ताडून बघायचं. हाताने लिहिण्याचा सरावही त्यातच होतो.

---

मराठीतून_कायदा:

मराठी पीडीएफचं: दोन वेगळे आजार आहेत. एक, पान म्हणजे नुसता फोटो, आत अक्षरंच नाहीत. दोन, अक्षरं आहेत पण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, म्हणून दिसतं बरोबर आणि कॉपी केलं की कचरा. दोन्हींवर इलाज एकच, ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं. थोडी पानं असतील तर गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडा, मराठी बऱ्यापैकी ओळखतं, मांडणी मात्र मोडते. पीडीएफ आहे तशी ठेवून आत अक्षरं भरायची असतील तर ओसीआरमायपीडीएफ हे सॉफ्टवेअर, त्याच्या टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या भागात मराठी भाषा घालून. कलमांचे आकडे आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासून घ्याच, "नाही" हा एक शब्द गळला तर कलम उलटं होतं. तेवढाही वेळ नसेल तर झोटेरोत चौकोन ओढून तेवढ्या भागाची खूण करता येते आणि त्यालाही कमेंट, टॅग लागतो.

---

काळाकोट:

एक राहिलं, ताई आणि इतर मुलांसाठीही. इंटर्नशिपला गेलात की वकिलांच्या ऑफिसातली चार्जशीट, पक्षकाराने दिलेली कागदपत्रं यातल्या कशाचीही पीडीएफ या ग्रुप लायब्ररीत टाकू नका. पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं गुप्त राहिलं पाहिजे, बीएसए १३२ वाचा, वकिलांचे कारकून आणि कर्मचारी पण त्यात येतात. हायपोथिसिस (वेबपानांवर आणि पीडीएफवर नोट लिहायचं साधन) वापरत असाल तर तिथे नोट आपोआप सगळ्यांना दिसेल अशी जाते, "फक्त मी" किंवा खासगी ग्रुप निवडून मगच लिहा.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. काल रात्री झोटेरो टाकलं आणि खोतकर परत सुरुवातीपासून घेतलं, कोण बोलतंय त्याप्रमाणे. जांभळं आणि निळं बाजूला केल्यावर हिरवं खरंच मोजकंच उरलं. प्रश्न लिहायला मात्र वेळ लागतोय, एका परिच्छेदावर बराच वेळ अडकले की नेमकं काय विचारायचं.

एक शंका. शेवटी न्या. रामसुब्रमणियन यांचं वेगळं पण सहमतीचं मत आहे, त्यात अमेरिका, इंग्लंड, कॅनडातला कायदा दिलाय. त्याला हिरवा द्यायचा की वेगळा रंग?

---

जेएमएफसी_तयारी:

वेगळा रंग नको, रंग वाढले की लक्षात राहत नाहीत. त्यांनी स्वतः काढलेला निष्कर्ष असेल तिथे हिरवाच, पण टॅग "सहमतीचं मत" आणि न्यायमूर्तींचं नाव. परदेशातल्या कायद्याच्या भागाला खूण न करता सुरुवातीला एकच कमेंट टाका, इथून इथपर्यंत तुलना आहे म्हणून. विरोधी मत असेल तेव्हाही हिरवा वापरू नका, त्याला नारिंगी ठेवा, पेपरमध्ये अल्पमत रेशो म्हणून लिहिलं की मार्क जातात. आणि प्रश्न सुचत नसेल तर हिरव्या वाक्यातली एक अट काढून टाकून विचारा, "हे नसतं तर?"