सगळं काम स्लॅकवर आणायचं? माझा विरोध आहे

नोंदवही: "मेल बंद करा, सगळं स्लॅकवर (ऑफिसच्या चॅट अ‍ॅपवर) आणा, टीम वेगाने पळते" अशी पोस्ट सध्या फिरतेय. वाचून डोकं फिरलं. आमच्याकडे एकाच मेसेजमध्ये दोन प्रश्न होते: रिलीज (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती) पुढे ढकलायची, की अर्धीच बाहेर काढायची? मॅनेजरने खाली नुसता अंगठा टाकला. टेस्टिंगवाल्यांनी एक अर्थ काढला, आम्ही दुसरा. सुट्टी गेली निस्तरण्यात. निर्णयाची नोंद चॅटमध्ये राहूच शकत नाही.

खुली_खिडकी: हा दोष स्लॅकचा? असा प्रश्न मेलवर विचारला असता तरी "ओके" एवढंच आलं असतं. मी टीममध्ये नवीन होते तेव्हा स्लॅकवरचं जुनं चॅनल (टीमचा चॅट ग्रुप) वाचून काढलं. डेटाबेस का बदलला, कोणाचा विरोध होता, सगळं कळलं. मेलवर असतं तर सोडून गेलेल्यांच्या इनबॉक्समध्येच राहिलं असतं.

नोंदवही: वाचता आलं, कारण तुमची कंपनी पैसे भरते. फुकट प्लॅनवर 90 दिवसांपलीकडचं दिसत नाही, आणि 2024 पासून वर्षाहून जुनं पुसूनच टाकतात.

रात्रपाळी: तुमची शोधाशोध चालू द्या, इथे झोपेचं खोबरं झालंय. रात्री अकराला सगळ्या चॅनलला टॅग करून "उद्या जरा बघा". उद्याच बघायचंय तर उद्या टाका! फ्रान्समध्ये 2017 पासून, ऑस्ट्रेलियात 2024 पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याच्या हक्काचा कायदा आहे.

खुली_खिडकी: नोटिफिकेशन बंद करता येतात.

रात्रपाळी: केली होती. अप्रेझलमध्ये "वेळेवर प्रतिसाद देत नाही" असा शेरा मिळाला.

टीमलीड: मला रात्री सुचतं, तेव्हाच टाकते, नाहीतर विसरते. लगेच उत्तर द्या असं कोण म्हणतं?

रात्रपाळी: म्हणावं लागतच नाही! लीडचं नाव स्क्रीनवर दिसलं की ज्युनियर उठून बसतो. तुम्ही विसराल म्हणून आम्ही का जागायचं? मेसेज शेड्यूल करायची सोय आहे, वापरा.

टीमलीड: ठीक आहे, करेन शेड्यूल. पण सर्व्हर पडला तर फोन करणारच.

रात्रपाळी: फोन कराच. त्याला कधी नाही म्हटलं?

खुली_खिडकी: नोंदवही, अंगठ्यावर निर्णय नको, एवढं मानते. मेलकडे मात्र परत जाणार नाही.

नोंदवही: मेलकडे जा म्हटलंच कुठे मी? काय ठरलं, कोणी ठरवलं, कधीपासून, एवढं एका वेगळ्या फाइलमध्ये लिहा आणि तिची लिंक चॅनलला पिन करा. चर्चा हवी तेवढी चॅनलवर करा.