मदत हवी आहे: पीव्हीपी लावलेले चांदीचे नॅनोकण एका रात्रीत राखाडी पडतात

एमएस्सी भाग २, रसायनशास्त्र. प्रोजेक्टसाठी पीव्हीपीचा (कण एकमेकांना चिकटू न देणाऱ्या पॉलिमरचा) लेप असलेले चांदीचे नॅनोकण करून ई. कोलाय आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूंवर तपासायचे आहेत. पाचपैकी तीन बॅच वाया गेल्या, सबमिशनला जेमतेम महिना उरलाय, म्हणून इथे विचारते.

कृती अशी: २ मिलीमोलर सोडियम बोरोहायड्राइड ३० मिली, बीकर बर्फात. (बर्फ कॉलेजसमोरच्या रसवंतीवाल्या काकांकडून. आता ते कशाला हवाय हेही विचारत नाहीत.) स्टररवर ढवळत १ मिलीमोलर सिल्व्हर नायट्रेट १० मिली, सेकंदाला साधारण एक थेंब. दोन-तीन मिली पडले की फिका पिवळा रंग धरतो आणि शेवटी हळदीच्या पाण्यासारखा लख्ख होतो. अर्धा तास तसंच ढवळत ठेवते, मग पीव्हीपी घालते. यूव्हीत (प्रकाश शोषणाच्या आलेखात) ३९८ नॅनोमीटरला सुरेख पीक. बाटलीला फॉइल गुंडाळून कपाटात ठेवते, आणि सकाळी बघावं तर राखाडी पाणी, तळाला काळा गाळ.

दुसरं दुखणं प्लेटवरचं. ६ मिमीच्या वेलभोवती (प्लेटवरच्या खड्ड्याभोवती) माझ्या कणांचा झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, ९ मिमी, नुसत्या १ मिलीमोलर सिल्व्हर नायट्रेटचा १४. पीव्हीपीचा शून्य. सर म्हणाले, "मग नॅनो कशाला, नायट्रेटच लाव की." तोंडी परीक्षेत यावर काय बोलू? शिवाय कण नव्हे, उरलेले मोकळे आयनच मारत असतील तर?

बोटं काळी पडलीत ते वेगळंच. आजी विचारते, बिब्ब्याला हात लावलास का?

जुना लॅबवाला:
आधी प्लेटचं बघू, कारण तिथे तू स्वतःवरच अन्याय केलायस. १० मिली नायट्रेट एकूण ४० मिलीत गेलं, म्हणजे तुझ्या बाटलीत चांदी ०.२५ मिलीमोलर. कंट्रोल (तुलनेचं द्रावण) लावलास १ चा. चौपट चांदीशी शर्यत लावून हरलीस! ०.२५ चा कंट्रोल लाव. त्यातही कण आगारमधून (प्लेटवरच्या जेलीतून) आयनांइतके भराभर सरकत नाहीत, त्यामुळे झोनवरून तुलना लंगडीच राहणार. ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या द्रवात) एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारं किमान प्रमाण, काढ. नळ्या नुसत्या डोळ्यांनी वाचू नकोस, कणांचा रंगच गढूळपणा वाटतो. प्रत्येक नळीतलं थोडं प्लेटवर पसरून वसाहती मोज. एलबी ब्रॉथ टाळ, त्यात लिटरला ५ ते १० ग्रॅम मीठ असतं, चांदी क्लोराइड होऊन बसते.

आयनांची शंका रास्त आहे. १२-१४ किलोडाल्टनची डायलिसिस नळी मिळाली तर बघ, कण आत राहतात, मोकळे आयन आणि बोरेट बाहेर जातात. अर्थात पाण्यातल्या ऑक्सिजनमुळे कण हळूहळू विरघळून पुन्हा आयन सोडतातच, आणि मारण्याचं बरंचसं काम तेच करतात. सरांना सांग, हे कण म्हणजे आयनांची कणगी आहे, लागेल तसं बाहेर पडतं.

स्फटिका:
रंगाबद्दल. तो अर्धा तास ढवळणं बंद कर, तिथेच कण एकमेकांना चिकटतात. नायट्रेट संपलं की स्टरर थांबव, पीव्हीपी लगेच घाल. बोरोहायड्राइड कसं मोजतेस? १०० मिलीला ७.६ मिलिग्रॅम लागतं, तीन दशांशाच्या काट्यावर ते निव्वळ अंदाजपंचे. ७६ मिलिग्रॅमचं करून बर्फगार पाण्यात दहापट पातळ कर आणि लगेच वापर, पाण्यात ते आपोआप संपत जातं. कमी पडलं की पिवळा टिकत नाही. आणि हो, तुमच्या डिस्टिल्ड पाण्यात नायट्रेटचे चार थेंब टाकून बघितलेस का?

धागाकर्ती:
आज टाकले. परीक्षानळी दुधी झाली! म्हणजे क्लोराइड. प्लांटची देखभाल कधी झाली होती ते कुणालाच सांगता येईना. दादा, ०.२५ चं डोक्यातच आलं नव्हतं, लाज वाटली. आता पाणी कुठून आणू? मेडिकलमधलं इंजेक्शनचं पाणी चालेल का?

स्फटिका:
चालेल. फक्त बाटलीवरचं नाव नीट वाच, घाईत सलाईन आणशील.